पोचा डब्याला पडतो

मंगळवारी सकाळी मामा गेले. दुपारी माणसं स्मशानातून परतली. संध्याकाळी मामीने फळीवरचा डबा खाली काढला. डब्याला पोचा होता.

पोचा नसता तर मामांनी तो डबा घरात येऊच दिला नसता. ताकदीची पावडर असो, टॉनिक असो की दुधात घालायचं पीठ असो, त्यांनी उभ्या आयुष्यात असली वस्तू धड अंगाने आणि पुऱ्या किमतीला घेतली नाही. "पोचा डब्याला पडतो, पावडरीला न्हाई," असं ते म्हणत आणि समोरच्याला ते पटेपर्यंत म्हणत राहत. जोयड्याच्या बाजारात सगळे त्यांना पोचेमामा म्हणायचे. नातेवाईकही म्हणायचे, फक्त पाठीमागे.

मामांचं शिवणकामाचं दुकान होतं. शाळेचे गणवेश आणि बायकांची पोलकी ते शिवत. मी तिथल्या शाळेत शिकवायला लागले तेव्हा त्यांच्याच घरी राहायला गेले. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. त्याच पावसाळ्यात मामीला क्षयाचं निदान झालं. दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या आणि डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर प्रोटीनच्या पावडरीचं नाव लिहून दिलं. रोज दोन वेळा, दोन-दोन चमचे, दुधातून. मामांनी चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. "किंमत लिवली न्हाई की," ते म्हणाले.

डबा जोयड्यात मिळत होता, पण मामांना तो बेळगावला जाऊनच घ्यायचा होता. एका रविवारी मी पुस्तकं घ्यायला निघाले, तर तेही बसमध्ये येऊन बसले. दुकानात शिरल्यावर त्यांनी डबा हातात घेतला, कानाशी हलवला, दुसरा मागितला, तिसरा मागितला. तिसरा त्यांच्या हातातून फरशीवर पडला. पडण्याआधी मामांनी बोटं सोडलेली मी पाहिली.

"अरारा! पोचा पडला बघा," मामा म्हणाले. "आता हा कोण घेणार? जाऊ द्या, मीच घेतो. कितीला देता?"

दुकानदार म्हातारा आणि थंड डोक्याचा होता. तो म्हणाला, "मामा, गेल्या वर्षी टॉनिकचं खोकं असंच पडलं तुमच्या हातातनं. आता असं करा, आधी पैसे द्या, मग पाडा."

मी पुस्तकांच्या पिशवीत तोंड घालून उभी राहिले. मामा मात्र पाऊण तास घासाघीस करून पाच रुपये कमी करून घेऊनच निघाले. परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "मामा, जाण्यायेण्याचं तिकीटच पाच रुपयांच्या वर झालं."

"बस तर येणारच होती की," मामा म्हणाले. 

त्या डब्याने त्यांची कीर्ती वाढली. कुणाच्याही घरी डॉक्टरने ताकदीचं काही लिहून दिलं की माणूस चिठ्ठी घेऊन मामांच्या दुकानात यायचा. मामा मशीन थांबवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि रोगी न बघता निकाल द्यायचे. जवळच्या गुंद गावचा एक शेतकरी बाळंतीण सुनेसाठी डबा आणायला बेळगावला निघाला होता.

"घरात म्हस हाय?" मामांनी विचारलं.

"हाय की."

"नाचणी पिकती?"

"पिकती."

"मग कशाला चाललास रं मरायला?"

"डाक्टरनं लिवलंय, मामा."

"डाक्टरनं तुझी म्हस बघितली न्हाई!"

तो माणूस खरंच परत गेला. सून पुढे ठणठणीत झाली म्हणे, आणि त्याचं श्रेय म्हशीऐवजी मामांना मिळालं. तेही त्यांनी नाकारलं नाही.

घरातली गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. मामी वाळून गेली होती. ती बेळगावात वाढलेली. "नाचणी जंगलात लाकडं तोडाया जाणाऱ्यांनी खावी," असं म्हणून तिने लग्नापासून नाचणीला हात लावला नव्हता. डब्यातली पावडर तेवढी ती चवीने प्यायची. डबा तीन आठवड्यांत संपायला हवा होता. तो दोन महिने झाले तरी संपेना.

एका पहाटे करपल्याचा वास आला म्हणून मी उठले. मामा चुलीपुढे उकिडवे बसून लोखंडी तव्यावर नाचणी भाजत होते. शेजारी भाजलेले हुलगे होते, सोललेले शेंगदाणे होते आणि वेलचीची पुडी होती. डबा उघडा होता.

"मामा, ती आजारी आहे," मी म्हटलं. "तुम्ही तिला फसवताय."

"हळू बोल." त्यांनी तवा हलवला. "डब्यावर काय लिवलंय ते वाच. तू शिकलेली हाईस ना? डाळ, दूध, साखर. आन् ह्यात काय हाय?"

"मग तिला सांगून टाका."

"सांगितलं तर पिईल काय ती? डबा बघूनच पिती. शाळेत वाचायला शिकिवतात, तोंड मिटायला शिकवीत न्हाईत वाटतं मास्तरणींना."

मी तोंड मिटलं, पण मनातून गेलं नाही. रात्री तिचा खोकला ऐकू आला की मला तव्याचा वास यायचा. पगार झाल्यावर मी जोयड्यातूनच एक कोरा डबा पुऱ्या किमतीला आणून फळीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर डबा नव्हता आणि माझ्या वहीत नोटा होत्या. मामांनी तो दुकानात परत केला होता. "पोचा नव्हता म्हणून घेतला त्यानं परत," ते म्हणाले. आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मी बोलत नाही हे त्यांच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही. ते तेव्हा पीठ आणखी बारीक दळून मिळेल अशी गिरणी शोधत होते.

चौथ्या महिन्यात मामीचं वजन वाढलं. सहाव्या महिन्यात तिचं पोलकं तिला दाटायला लागलं आणि मामांनी ते उसवून, कुरकुरत, दोन्ही बाजूंनी सैल केलं. डॉक्टर म्हणाले, "पावडर चांगली मानवली. बंद करू नका." मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एवढा मोठेपणा त्यांनी मला आयुष्यात एकदाच दाखवला. गोळ्यांचा कोर्स संपला, मामी बरी झाली, तरी तो एकच डबा पुढे दीड वर्ष चालला.

मग काही वर्षांनी मामांची पाळी आली. पोटाचं दुखणं होतं. बेळगावच्या डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार काही करण्यासारखं नाही. भाकरी, नाचणी, हुलगे, काहीच पोटात ठरत नव्हतं. हलकी पावडर दुधापाण्यातून दिली तर दिवस जरा बरे जातील, असं ते म्हणाले.

मामांनी साफ नकार दिला. "पुऱ्या किमतीला डबा? मी मरतोय म्हणून दुकानदाराला जगवू व्हय?" बेळगावला कुणी जायचं नाही, त्यांना दुसऱ्या कुणाची घासाघीस पसंत नव्हती. दोन दिवस ते नुसत्या पाण्यावर राहिले.

तिसऱ्या दिवशी मामी जोयड्याच्या दुकानात जाऊन आली. मी परसात कपडे वाळत घालत होते. ती न्हाणीच्या मागे बसली, पदराखालून कोरा डबा काढला, दगडावर आडवा ठेवला आणि वरवंटा घातला. पहिला घाव हलका बसला. तिने डबा उजेडात फिरवून पाहिला.

"ह्याला चार रुपयंबी कमी करणार न्हाई कुणी," ती म्हणाली आणि दुसरा घातला.

मामांनी पडल्यापडल्या पोच्यावरून अंगठा फिरवला. "कुणी आणला?"

"शेजारचा पोरगा बेळगावला गेलता. अर्ध्या किमतीला दिला म्हणं."

"मी असतो तर आणि दोन रुपये तोडले असते," मामा म्हणाले, आणि पेला हातात घेतला.

असे तीन डबे झाले. प्रत्येक वेळी पोचा वेगळ्या जागी. "एकाच जागी पडला तर वळखतील ते," मामी म्हणाली. तेव्हा मी तिला विचारलं, "मामी, तुझ्या डब्यात काय होतं ते तुला ठाऊक होतं?"

"नाचणी व्हय? पयल्या घोटाला कळली."

"मग बोलली का नाहीस?"

ती वरवंटा पुसत होती. "ह्ये पहाटे उठून भाजत बसायचं. वेलची घालायचं. आयुष्यात कधी वेलची विकत आणली न्हवती ह्या माणसानं. बोलले असते तर वेलची बंद झाली असती."

चौथा डबा निम्मा उरला आणि मंगळवार आला.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही. संध्याकाळी शेजारणीने तांब्याभर गरम दूध आणून दिलं. मामीने डबा खाली काढला, दोन पेल्यांत दोन-दोन चमचे घातले, ढवळलं आणि एक पेला माझ्यापुढे सरकवला. मला नको होतं. 

"पी," ती म्हणाली. "फोडलेला डबा दुकानदार परत घेत न्हाई."

आम्ही दोघी प्यायलो. तिला हसू आलं आणि ते हसू मध्येच मोडलं.

मामी जाऊनही आता बरीच वर्षं झाली. डबा माझ्याकडे आहे. वरचा कागद गेला, पोचा आहे. त्यात मी नाचणीचं पीठ ठेवते. वेलची घालून.