पुढच्या चाकांवरचं वजन

कुणी सरकारी कागदाचं नाव काढलं की आजही माझं डोकं तापतं. घरातले म्हणतात, म्हाताऱ्याच्या नाकावर राग. त्यांनी एक लॉरी माझ्यासारखी तीनदा तपासणीला नेऊन बघावी आणि मग बोलावं.

ती लॉरी मी निजामाच्या मुलखातून आणली होती. जुनी, एका कापूसवाल्याची. इंजिन ठणठणीत होतं, पण मागचा लाकडी सांगाडा वाळवीनं पोखरलेला. तिकडचा नंबर आमच्या जिल्ह्यात चालत नव्हता. म्हणजे गाडी सोलापूरच्या कचेरीत नव्यानं नोंदवायची, नोंदवण्याआधी साहेबाकडून तपासून घ्यायची, आणि साहेब महिन्यातून एकदाच येणार. तोवर माल भरून रस्त्यावर दिसली की जप्त.

त्या लॉरीपायी घरची बैलजोडी गेली होती. आबांनी, माझ्या वडिलांनी, ती मंद्रूपच्या बाजारात स्वतः नेऊन दिली आणि नुसती दावी खांद्यावर टाकून लंगडत परत आले. आबांचा डावा पाय मी पाळण्यात असतानाच अधू झाला होता. बैलगाडीत मागच्या बाजूला ओझं जास्त झालं की ती उलाळते, म्हणजे मागं बसते आणि पुढची बाजू बैलांच्या मानेवरून वर उचलली जाते. नदीचा चढ चढताना आमची गाडी अशीच उलाळली आणि आबा पोत्यांखाली सापडले. घरात यावर कुणी बोलत नसे. मीही कधी विचारलं नाही.

सोलापूरच्या एका आडत्यानं मला शब्द दिला होता, की दिवाळीच्या आत नंबर मिळव, भुईमुगाच्या शेंगांची सगळी वाहतूक तुझी. नाही मिळाला तर दुसरी लॉरी बघतो. नंबर मिळाला नसता तर दारात लॉरी उभी, शेतात नांगराला बैल नाहीत आणि ज्वारीची पेरणी तोंडावर. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, असं झालं असतं. रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेवढं एकच होतं.

मागचा सांगाडा सुतारकाकांनी केला. साठी ओलांडलेला माणूस. गावातली एकूण एक बैलगाडी त्यांच्या हातची, पण मोटारीला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता. मी म्हणालो, "काका, हे येगळं काम हाय. जमंल का?" ते लॉरीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "गाडी ती गाडी. तिला काय येगळं असतंय?"

त्यांनी सगळं काम बाभळीत केलं. ड्रायव्हरच्या पाठीमागची भिंत वीतभर जाडीची. तिच्यावरून दोन तुळया माझ्या डोक्यावरून पार पुढं आणल्या. आणि एवढ्यानं भागलं नाही म्हणून की काय, पुढं दिव्यांच्या खाली बाभळीचा एक आडवा ओंडका बोल्टांनी आवळून टाकला. बैलाला जू असतं तसा. हे कशाला, म्हणून विचारलं तर म्हणाले, "असू दे. गाडी फुडं जड पायजे." बायकांनी त्या ओंडक्याला हळदकुंकू लावलं. मला घाई होती, मी वाद घातला नाही.

श्रावणात पहिली खेप. पहाटे निघून कचेरीपुढच्या मैदानात जाऊन उभा राहिलो, साहेब दुपारी आले. भोंग्याचा रबरी फुगा दाबला तर त्यातून नुसती वाफ सुटल्यागत आवाज आला. झालं, नापास. शिवाय लॉरीच्या अंगावर मालकाचं नाव, गाव आणि रिकाम्या गाडीचं वजन रंगवायचं असतं, ते आमच्या गावच्या रंगाऱ्यानं मराठी अंकांत काढून वर दोन्ही बाजूंना मोर काढले होते. कारकून म्हणाला, "आकडे इंग्रजीत पाहिजेत. आणि हे मोर कुठल्या कलमात बसतात?" मी म्हणालो, "रावसाहेब, हे आदी का सांगितलं न्हाय?" त्यावर तो म्हणाला, "आधी तुम्ही विचारलंत कुठं?"

भाद्रपदात दुसरी खेप. नवा भोंगा, इंग्रजी आकडे, मोर पुसलेले. साहेब आलेच नाहीत. पंढरपूरकडं दौरा लागला म्हणे. मी विचारलं, आधी कळवता आलं नसतं का? कारकुनानं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मीच साहेबांचा दौरा लावला होता. त्या दिवशी येताना मी नवा भोंगा मंद्रूपपर्यंत वाजवत आलो. रस्त्यात कुणीही नव्हतं. दुसरं करणार काय!

आश्विनात तिसरी आणि शेवटची खेप. दसरा होऊन गेला होता. लॉरी आबांच्या नावावर, त्यांचा अंगठा लागणार, म्हणून तेही बरोबर आले. सुतारकाका न बोलावता पेटी घेऊन मागं चढून बसले. "काय ढिलं झालं तर लागंल की," म्हणाले.

भोंगा वाजला. दिवे लागले. ब्रेक दाबल्यावर गाडी जागच्या जागी थांबली. मी मनातल्या मनात शेंगांची पोती भरायला लागलो होतो. तेवढ्यात साहेब म्हणाले, वजन करा.

जवळच कापसाच्या एका जिनात गाड्यांच्या वजनाचा काटा होता. आधी पुढची चाकं काट्यावर घ्यायची, मग मागची. त्याआधी साहेबांना ओझ्यानं चाकांवरचे स्प्रिंगांचे पाटे किती दबतात ते बघायचं होतं. जिनातल्या हमालांनी मागं सरकीची पोती टाकायला सुरुवात केली. दोन पोती पडली असतील नसतील, तोच सुतारकाका धावत पुढं आले आणि दोन्ही हातांनी तो ओंडका धरून अंगाचा सगळा भार टाकून उभे राहिले. बैलगाडी भरताना ती उलाळू नये म्हणून पुढची बाजू धरून माणूस उभा राहतो ना, तसे. हमाल हसायला लागले. एक जण म्हणाला, "म्हाताऱ्या, ही हत्तीएवढी लॉरी तू धरनार व्हय?"

साहेबांनी इंग्रजीत काहीतरी विचारलं. कारकुनानं मला विचारलं, "हा कोण?"

"कुनी न्हाय," मी म्हणालो. "गावचा सुतार."

पोती उतरवली, वजन झालं आणि गाडी नापास. मागची चाकं ठीक होती, पण पुढच्या चाकांवर कारखान्यानं लिहून दिलेल्यापेक्षा जास्त भार निघाला. साहेबांनी ओंडक्यावर काठी आपटली आणि निघून गेले. कारकून म्हणाला, "संध्याकाळी साहेब आगगाडीनं पुण्याला जातायत. पाचच्या आत दुरुस्त करून आणलीत तर बघतो. नाहीतर पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात म्हणजे दिवाळीनंतर. माझा तोल गेला. भर आवारात, हमालांच्या देखत मी सुतारकाकांना बोललो. कारकुनाला बोलायची छाती नव्हती, साहेबाला तर नव्हतीच, मग राग निघाला तो वड्याचं तेल वांग्यावर. मी म्हणालो, "तुमाला आदीच सांगितलं हुतं, हे येगळं काम हाय, ही बैलगाडी न्हाय. हिला चार चाकं हायत, ही कशाला उलाळंल? तुमच्या अडाणीपनापायी माजं घर बसलं."

सुतारकाकांनी पेटी उघडली, करवत काढली आणि विचारलं, "किती काढू?"

"सगळं काडा," मी म्हणालो.

बोल्ट गंजून धरले होते, म्हणून त्यांनी ओंडका कापायलाच घेतला. वाळलेली बाभूळ, करवत लवकर पुढं सरकायची नाही. मी मदतीला गेलो नाही. भिंतीच्या सावलीत आबांजवळ जाऊन बसलो आणि धुसफुसत राहिलो, की असल्या माणसाच्या हाती काम दिलं हेच चुकलं.

आबा म्हणाले, "माजी गाडी उलाळली, ती कुनी केलती ठावं हाय का तुला?"

आबांनी काठीनं सुतारकाकांकडं दाखवलं.

"त्येनंच. नवी हुती. चूक माजी हुती, मागं चार पोती जास्ती मीच टाकली. पर त्येनं ती सोताला लावून घेतली. वरीसभर माज्या म्होरं आला न्हाय. तवापास्नं त्येनं गावात एक गाडी मागं जड केली न्हाय."

गावात सुतार एकच. आबांची गाडी दुसऱ्या कुणी केलेली असणार? इतक्या वर्षांत हा साधा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. करवतीचा आवाज चालू होता. मी उठून गेलो आणि करवतीचं दुसरं टोक धरलं. सुतारकाकांनी वर पाहिलं नाही, फक्त मला जागा करून दिली. क्षमा मागावी असं फार वाटत होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "दमला असाल." ते म्हणाले, "न्हाय की."

ओंडका गेला, तुळया गेल्या. पाचाला दहा मिनिटं कमी असताना पुन्हा वजन झालं, साहेबांनी मान हलवली, आबांनी अंगठा दिला. कारकुनानं नंबराचा कागद माझ्या हातात ठेवला. ज्याच्यासाठी तीन महिने जीव टांगणीला लागला होता, तो कागद मी न वाचताच खिशात घातला.

सोलापूरच्या सात रस्ता चौकातल्या रंगाऱ्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीवर नंबर काढून दिला आणि आम्ही तिथूनच आडत्याकडं गेलो. त्याला पाटी दाखवली. शब्दाला जागला तो. लगेच पोती काढायला सांगितली.

हमाल मागून भरायला लागले. पहिलं पोतं पडलं, दुसरं पडलं. सुतारकाका पेटी खाली ठेवून हळूच लॉरीच्या पुढं गेले. धरायला आता ओंडका नव्हता, म्हणून त्यांनी दोन्ही तळवे दिव्यांच्या मधल्या पत्र्यावर टेकले आणि भार टाकून उभे राहिले. मागं आबा काठीवर रेलून पोती मोजत होते. आडत्याचा माणूस हसून मला म्हणाला, "हे कोण पावनं?"

"आमचे काका हायत," मी म्हणालो. "गाडी त्यांनीच केलीया."

शेवटचं पोतं चढेपर्यंत ते तसेच उभे होते. मी त्यांना बाजूला व्हा म्हणालो नाही.