कोसाडचा रविवार

सैन्यात धर्म म्हणजे रांगेत उभं राहायची गोष्ट, हे मला अकादमीतल्या पहिल्या रविवारी कळलं. दाढी, आंघोळ, पांढरा शर्ट, टाय आणि मैदानावर फॉल इन. सुभेदार साहेब हाळी द्यायचे आणि कॅडेट आपापल्या रांगेकडे पळायचे. मंदिरवाले इकडे, गुरुद्वारावाले तिकडे, मग चर्च, मग मशीद. मी मधेच उभा. कुठला, असं त्यांनी विचारलं. बौद्ध, असं मी सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. जास्तीचं बटण हातात आल्यावर शिंपी जसा बघेल तसं. मग म्हणाले, "मंदिर में खड़े हो जाओ बेटा, सब एक ही है."

सब एक ही है. आम्ही सुरतेत भाड्याने खोली मागायला गेलो तेव्हा हे वाक्य कुठल्याही घरमालकाच्या तोंडातून आलं नाही. तिथे आधी आडनाव विचारतात, मग गाव, आणि तरीही पत्ता लागला नाही तर घरात देव कुठला ते. तेव्हा सगळे वेगवेगळे असतात. आम्ही आमचं वेगळं नाव सांगितलं की मात्र लगेच सगळे एक होतात.

त्या रविवारी मी मंदिरात गेलो. हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. जोडले नाहीत. शिरा मात्र खाल्ला. पहाटेपासून पळवलेल्या पोराने साजूक तुपातला शिरा सोडावा एवढा काही मी कट्टर नव्हतो.

मला काय हवं होतं ते सरळ सांगतो. मला सुरतेच्या कडेला कोसाडला आमच्या वस्तीतल्या पत्र्याच्या विहारात, सतरंजीवर, मधल्या एखाद्या ओळीत मांडी घालून बसायचं होतं. एवढंच. देशसेवा, गणवेश, खांद्यावरचे तारे हे सगळं मला हवंच होतं, त्यासाठीच मी तिथे गेलो होतो. पण रविवार उजाडला की छातीत काहीतरी ओढायला लागायचं आणि ते थेट अमरोलीच्या पुढे, रेल्वे लाइनीच्या कडेला जाऊन थांबायचं.

आमची वस्ती म्हणजे धुळे-जळगावकडून पोटासाठी आलेली माणसं. कोणी लूमवर, कोणी इच्छापोरला ठेकेदाराकडे, कोणी रेल्वेच्या गँगमध्ये. माझे वडील लूमवर होते. आई घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायची. विहार आम्हीच उभा केला होता. खांब एकाने आणले, पत्रे दुसऱ्याने, आणि भिंतीला निळा रंग आम्ही पोरांनी मारला. समोर दोन तसबिरी. एक बुद्धाची. दुसरी निळ्या कोटातल्या, चष्मा घातलेल्या आमच्या बापाची. रविवारी रात्रपाळीची माणसं न झोपता यायची, डोळे लाल आणि अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया. पुढे बसायचे रेल्वेतून रिटायर झालेले गँगमन आजोबा. ते त्रिशरण सांगायचे, मागून सगळी वस्ती म्हणायची. मग चहा, कागदावर गरम लोचो, म्हणजे वाफवलेल्या डाळीचा सुरती लगदा, आणि लोचो खाता खाता आम्हा पोरांची मीटिंग. पत्रकं काढायची, रात्री भिंतींवर चिकटवायची, दुसऱ्या दिवशी कोणी फाडली ते शोधायचं. लिहायला मी तिथेच शिकलो. म्हणून माझ्या वाक्यांना अजून खळीचा वास येतो, येऊ दे.

अकादमीत माझं नाव पहिल्या आठवड्यातच पडलं होतं. सुरतचा म्हटल्यावर एकाने विचारलं, प्लेगवाला सुरत? आमच्या शहराची तेवढीच बातमी देशभर पोचली होती. झालं. मी 'प्लेग' झालो. प्लेग, बूट दे. प्लेग, लांब झोप. याचा मला राग नव्हता, सगळ्यांचीच अशी नावं होती. राग दुसऱ्या गोष्टीचा यायचा. संगिनीचा सराव चालू असताना कोणीतरी हमखास म्हणायचं, अरे तू तर अहिंसावाला, तू इथे काय करतोस? मी म्हणायचो, तुझ्या धर्मात खोटं बोलायला परवानगी आहे का? नाही ना? मग काल उस्तादला पोट दुखतंय म्हणून सांगितलंस ते काय होतं? त्यावर हसायचे आणि विषय संपायचा. माझ्या डोक्यात मात्र संपायचा नाही. पण त्याचं उत्तर मला मंदिराच्या पायरीवर मिळणार नव्हतं. ते विचारायचं तर आपल्या माणसांत बसून विचारायचं.

पुढच्या रविवारी मी मंदिराच्या रांगेत गेलो नाही. मैदानाच्या मधोमध उभा राहिलो. ड्रिल उस्तादांनी जागेवरच फ्रंट रोल द्यायला लावले. पांढऱ्या शर्टाची लाल माती झाली. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मग कंपनी कमांडर मेजर साहेबांनी बोलावलं. मी रात्रभर भाषण तयार केलं होतं. संविधान, समता, कलमं, सगळं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नव्हता, हे लिहायला हवं. ऐकून झाल्यावर एकच विचारलं.

"किती जण आहात?"

"एक, सर."

"एकाची परेड होत नसते. दुसरा आण, जागा देतो."

दुसरा होता. दुसऱ्या कंपनीत, लडाखचा. बुटका, गालांवर कायमची लाली, धावण्यात सगळ्यांच्या पुढे. गेले सगळे रविवार तो गपगुमान मंदिराच्या रांगेत जात होता. मी त्याला मेसच्या मागे गाठलं आणि सगळं पत्रक तोंडी म्हणून दाखवलं. आपली ओळख, आपला हक्क, आज आपण बोललो नाही तर उद्या कोण बोलणार. तो केळं सोलत होता. म्हणाला, "मंदिर में पंखा है यार."

मला वाटलं चेष्टा करतोय. नव्हता करत. लडाखच्या पोराला त्या उकाड्यात जगणं मुश्कील झालं होतं. मंदिरात पंख्याखाली डोळे मिटून बसता यायचं, कोणी उठवत नव्हतं. मी त्याला बुद्धाच्या बाता सांगत होतो आणि त्याचा सगळा मोक्ष त्या पंख्यात होता. मी चिडलो. हेच ते, असंच आपलं नुकसान होतं, असं काहीतरी बोललो. तो उठून गेला.

नंतर एकदा लांब पल्ल्याच्या मार्चमध्ये आम्ही झाडाखाली शेजारी बसलो होतो. पायाला फोड. त्याने सहज विचारलं, तुमच्याकडे रविवारी करता तरी काय? तेव्हा माझ्याकडे भाषण नव्हतं, ताकदच नव्हती. मी फक्त सांगितलं. सतरंजी, लाल डोळे, इस्त्रीचे सदरे, बायांचा आवाज, लोचो. लोचो म्हणजे काय ते सांगायला बराच वेळ गेला. तो ऐकत राहिला. मग त्याने त्याच्या गावच्या टेकडीवरच्या गोम्पाचं, म्हणजे त्यांच्या मठाचं, सांगितलं. तिथे थंडीत सगळे खेटून बसतात, लोणी घातलेला खारट चहा मिळतो, आणि कोणाला विचारावं लागत नाही की कुठल्या रांगेत उभं राहू. बोलता बोलता थांबला. बुटाची नाडी बांधत म्हणाला, "ठीक है प्लेग. लेकिन पंखा तू हिलाएगा."

मेजर साहेबांनी शब्द पाळला. हॉकीच्या काठ्या आणि नेट ठेवायच्या खोलीचा कोपरा मिळाला. मी ट्रंकेतून दोन छोट्या तसबिरी काढल्या. त्याने त्याच्या गुरूंचा फोटो ठेवला आणि पाण्याच्या सात वाट्या ओळीने मांडल्या. आता माझी पंचाईत. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, कर्मकांड आम्हाला चालत नाही. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "पानी ही है. बाद में पी लेना." मग निळ्या कोटाकडे बोट करून त्याने विचारलं, हे कोण, तुमचे लामा? लामा नाही, बाप, असं मी म्हटलं. त्याने त्या तसबिरीलाही हात जोडले. मी त्याच्या वाट्यांवर पुढे काही बोललो नाही.

आधी तुझं की माझं, यावर थोडी खेचाखेची झाली. मग ठरलं, मी सांगायचं, त्याने म्हणायचं, नंतर त्याचं. मी सुरू केलं. बुद्धं सरणं गच्छामि. मागून त्याचा एकट्याचा, डोंगरी, घशातला आवाज. धम्मं, संघं, मग दुतियम्पि, म्हणजे तेच दुसऱ्यांदा. आणि तिथे मी थांबलो. तोही थांबला. बराच वेळ गेला. मग त्याने विचारलं, हे थांबायचं कशासाठी?

मग एकदम लक्षात आलं आणि मी हसत सुटलो. आमच्या विहाराच्या मागून लाइन जाते. रविवारी वंदना दुतियम्पिला आली की मालगाडी यायची. एवढे डबे, एवढा खडखडाट, की पत्रे थरथरायचे. तेव्हा सगळी वस्ती जिथल्या तिथे थांबायची, डोळे मिटून. गाडी गेली की पलीकडून बाया पुढचा शब्द उचलायच्या आणि सगळे त्यांच्यामागे. मी लहानपणापासून तसंच शिकलो होतो. गाडी रेल्वेची आहे हे मला ठाऊक होतं. पण थांबणं धर्माचं आहे अशी माझी पक्की समजूत होती. एवढी पत्रकं लिहिली, अंधश्रद्धेवर भाषणं ठोकली, आणि माझ्या वंदनेत एक मालगाडी बसलेली होती.

लडाखी पोट धरून हसला. मग म्हणाला, राहू दे, तिथे थांबू या. आम्ही दर रविवारी तिथे थांबायचो. मला तो थांबा आवडायचा आणि सोसायचाही नाही. कारण त्यानंतर पुढचा शब्द उचलायला पलीकडे बाया नसायच्या. तो मलाच उचलायला लागायचा. खोली मिळाली, हक्क मिळाला, रांग मिळाली. जे मागितलं ते सगळं मिळालं. कोसाड मागता येत नव्हतं.

सत्र संपलं आणि सुट्टी लागली. गाडीचे जायचे-यायचे दिवस वजा केले तर हातात एकच रविवार उरत होता. मी त्याचीच वाट बघत आलो. घरी पोचलो तर वडिलांनी आधी केसांवरून हात फिरवला, एवढे बारीक का कापतात म्हणून विचारलं. मी जेवत होतो तेवढा वेळ आई टिकल्यांचं काम बाजूला ठेवून समोर बसून राहिली.

रविवारी मी आधीच्या रात्री इस्त्री केलेला सदरा घालून विहारात गेलो. दारावर पत्रक लावलेलं. सुरतचा भीमपुत्र लष्करात अधिकारी, जाहीर सत्कार. मी अजून अधिकारी झालो नव्हतो, अर्धं प्रशिक्षण बाकी होतं. वाचून संताप आला, आणि मग कळलं की ही भाषा माझीच आहे. मीच शिकवली होती या पोरांना. 'जाहीर' मीच लिहायला लावायचो.

आत दोन तसबिरींच्या शेजारी, लोकांकडे तोंड करून, एक लाल गादीची खुर्ची ठेवली होती. मी नमस्कार करून सतरंजीकडे वळलो. मधली ओळ, वडिलांच्या शेजारी जागा होती. गँगमन आजोबांनी माझा दंड धरला. पूर्वी याच हाताने ते आम्हा पोरांचे कान पिळायचे. म्हणाले, साहेब, इकडे. मला साहेब म्हणाले. मी म्हटलं, बाबा, मला खाली बसू द्या, मी त्यासाठीच आलोय.

"अधिकारी खाली बसत नसतो बेटा. खाली बसायला आम्ही आहोत ना."

मला भांडता आलं असतं. मेजरसमोर भांडलो होतो. समता काय असते यावर मी तिथल्या तिथे अर्धा तास बोललो असतो, आणि बरोबरच बोललो असतो. माणसाला उंच खुर्चीवर बसवून बाकीच्यांनी खाली बसायचं, याच्याच विरोधात आपण इथे जमलो ना? तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात बायांच्या ओळीतून आईने हात हलवला. बस, बस. तिने ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं होतं. शेजारची बाई तिच्या कानाशी काही बोलत होती आणि ती मान डोलवत होती.

मी बसलो.

वंदना सुरू झाली. सगळे डोळे मिटून म्हणत होते. मी समोरून सगळ्यांचे चेहरे बघत होतो. तसे ते मी कधी बघितले नव्हते. ओळीत बसल्यावर समोरच्याची पाठ दिसते, चेहरा नाही. एकटी आई डोळे उघडे ठेवून होती, माझ्याकडे लावून. तिचे ओठ हलत होते. एवढ्या आवाजांत तिचा आवाज मला वेगळा काढता येईना. खाली ओळीत असतो तर आला असता.

मग हार झाले, मला दोन शब्द बोलायला लावलं. मी दोनच बोललो, जय भीम. पोरं हिरमुसली, त्यांना भाषण हवं होतं.

लोचोचा कागद घेऊन आई आली तेव्हा लोक पांगत होते. मी तिला म्हटलं, मी खुर्चीसाठी आलो नव्हतो. मला खाली तुमच्यात बसून म्हणायचं होतं. तिकडे प्रत्येक रविवारी तेवढंच मनात असतं. माझ्या सदऱ्यावर चिकटलेली झेंडूची पाकळी तिने काढली.

"हाऊ रईवार मना," ती आमच्या अहिराणीत म्हणाली. "पुढला तुना."

हा तिचा, पुढचा माझा. पण पुढच्या रविवारी मी गाडीत असणार हे तिला माहीत होतं. तिकीट तिनेच घरी तांदळाच्या डब्यात जपून ठेवलं होतं.

खुर्ची मंडपवाल्याची होती, तो घेऊन गेला. मी सतरंजीवर जाऊन मांडी घातली आणि लोचो खायला लागलो. आई शेजारी बसली. पोरं दुसऱ्या टोकाकडून सतरंजी गुंडाळत येत होती. पोरं आमच्यापर्यंत पोचेपर्यंत आम्ही बसून राहिलो.