उजेडाला ढकलतं कोण?

मामा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी प्रयोगशाळेत काचेच्या ठोकळ्याभोवती टाचण्या टोचत होते. दीड महिना झाला. तो प्रयोग वहीत अजून अर्धाच आहे...

खुलताबादजवळच्या त्यांच्या गावात कोणाची कळशी, कोणाची मोटर विहिरीत पडली की मामांना बोलावणं यायचं. मी लहान असताना त्यांनी मला विहिरीच्या पायरीवर बसवलं, पाण्याखालच्या पायरीवर वाटी ठेवली आणि म्हणाले, "उचल." दिसत होती तिथं मी हात घातला, मुठीत नुसतं पाणी. मामा हसले. "डोळ्याचं ऐकू नको पोरी. दिसतं त्याच्या खाली हात घाल."

असं का, ते कॉलेजात कळलं. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच, त्यामुळे शिकलेलं कोणाला तरी सांगायची घाई असायची. दिवाळीत मामांना सांगितलं, की उजेड हवेपेक्षा पाण्यात हळू चालतो, काचेत आणखी हळू. म्हणून पाण्यातून निघताना तो वळतो आणि वाटी वर आल्यासारखी दिसते.

"व्हय? पाण्यात मीबी हळूच चालतो," मामा म्हणाले. "पण बाहेर आलो की दम खावा लागतो. तुझा उजेड लगेच पळतो का?"

"लगेच. पहिल्याइतकाच."

"मग त्याला ढकलतं कोण?"

"सरांना विचारते," मी म्हटलं. मामी चहा देत म्हणाली, "कॉलेजात तिला घाला, अन् परीक्षा तुम्हीच घ्या!"

नंतर दर रविवारी फोनवर तेच, "विचारलं का सरला?" मी म्हणायचे, सर रजेवर आहेत. सर रजेवर नव्हते. असा प्रश्न विचारला तर वर्ग हसेल, ही भीती होती. शेवटच्या फोनवर मामाच समजूत घालत होते, "राहू दे. लई काम असंल त्यांना." आता रविवारी सकाळी मी उगाच फोन जवळ घेऊन बसते...

मागच्या आठवड्यात मी वर्गात हात वर केला. कोणी हसलं नाही. सर म्हणाले, "ढकलत कोणीच नाही. त्याची मूळची चाल तीच. पाण्यात त्याला अडखळवणारं असतं, बाहेर ते उरत नाही. प्रश्न तुझा?"

"नाही सर, माझ्या मामांचा. ते विहिरीत पडलेल्या वस्तू काढतात."

"त्यांना एकदा घेऊन ये. मला भेटायचंय."

मामा आता नाहीत, हे जिभेवर आलं होतं. मी "हो सर" म्हणून खाली बसले.