अर्ध्या इंचावरचा दवाखाना

नागपूरच्या माणसाला चढ म्हणजे काय ते विचारू नये. आमचा सगळा चढ सीताबर्डीच्या टेकडीपुरता, आणि तोही सायकलवरून उतरून पाच मिनिटं ढकलत गेलं की संपतो. अशा सपाट गावात, सदर बाजारातल्या एका इमारतीच्या दुसऱ्या माळ्यावर बसून आम्ही सातजण उत्तरेकडच्या एका पहाडी शहराचा रोपवे कागदावर काढत होतो. हवा खायला येणाऱ्यांसाठी नव्हे. रोज कामावर जाणाऱ्यांनी, शाळेच्या पोरांनी, दूधवाल्यांनी खालच्या बसस्टँडवर तिकीट काढायचं, पाळण्यात बसायचं आणि वरच्या बाजारात उतरायचं, असा तो बेत. ते शहर आमच्यापैकी एकानंही पाहिलेलं नव्हतं. साहेब तेवढे दोनदा जाऊन आले होते, आणि येताना स्वेटर घेऊन आले होते.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी काटोलची. आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, वर्गात एकटी मुलगी, आणि या ऑफिसात ट्रेसर म्हणून लागले. ट्रेसर म्हणजे दुसऱ्यानं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद पसरायचा आणि जसाच्या तसा शाईनं गिरवायचा. हात चालवायचा, डोकं नाही. नोकरी कच्ची होती. बाबांनी मला निघतानाच बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत पक्की झाली तं राहा नागपुरात. नाही झाली तं वापस ये, मग मी तुले पाहायले पाहुणे बोलावतो." त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण मला ती नोकरी हवी होती, जीव टाकून हवी होती. उंच स्टुलावर बसून, पाठ दुखेपर्यंत वाकून सरळ रेघ ओढायची, यात मला जे सुख मिळायचं ते कोणत्या पाहुण्याला समजावून सांगणार होते मी?

आमच्या हेड ड्राफ्ट्समनला सगळे भाऊ म्हणत. इतवारीत राहायचे, पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. मला ऑफिसात घेतलं तेच मुळी त्यांच्या शब्दावर. "ह्या पोरीचा हात पाहा साहेब, रेघ थरथरत नाही." पेनात शाई किती भरायची, ब्लेडनं चूक कशी खरवडायची, सगळं त्यांनी शिकवलं. त्यांच्या डब्यात वहिनी माझ्या नावाची एक पोळी जास्त टाकायच्या. त्यांच्यावर माझा देवासारखा विश्वास होता, आणि हे मी आज चिडून लिहिते आहे.

रोपवेचं मधलं स्टेशन भाऊंनी ठरवलं होतं. नकाशावर त्या शहराचा मोठा सरकारी दवाखाना होता, आणि भाऊंचं स्टेशन त्याच्यापासून बरोबर अर्धा इंच. त्यांनी स्केल लावून साऱ्यांना दाखवलं, "दोन मिनिटाचा रस्ता." आम्ही माना डोलावल्या. आम्ही सपाटीची माणसं, आम्हाला कागदावर जवळ म्हणजे जवळच. साहेबांना तर ते इतकं आवडलं की पेशंट दवाखान्याच्या दारात उतरेल, असं त्यांनी तिकडच्या नगरपालिकेला पत्रातही लिहून टाकलं.

तो कागद गिरवायला माझ्याकडे आला. पहाडाच्या नकाशात सारख्या उंचीच्या जागा एकेका रेघेनं जोडलेल्या असतात. रेघा लांब लांब असल्या तर जमीन सपाट, जवळ आल्या तर चढ. स्टेशन आणि दवाखाना यांच्यामध्ये त्या इतक्या चिकटून होत्या की माझी शाई एकमेकींत मिसळली. खरवडलं, पुन्हा गिरवलं, पुन्हा मिसळली. तिसऱ्यांदा पेन खाली ठेवलं आणि बोटानं रेघा मोजल्या. तो रस्ता नव्हताच. ती भिंत होती, दहा-बारा माळ्यांची.

मी कागद घेऊन भाऊंच्या टेबलाजवळ गेले. "भाऊ, इथं उतरलेला आजारी माणूस वर दवाखान्यात जाईन कसा?"

"काहून? अर्धा इंच तं आहे."

"आडवा अर्धा इंच आहे. उभं किती आहे ते पाहा ना."

ते हसले. मग चष्मा कपाळावरून नाकावर आला आणि हसणं थांबलं. बराच वेळ ते त्या रेघांवर वाकून होते. मी शेजारी उभी होते, म्हणून छातीठोक सांगते, त्यांना सगळं दिसलं. शेवटी हळूच म्हणाले, "कोणापाशी बोलू नको. मी साहेबाले सांगतो."

नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. काढलं कोणी, गिरवलं कोणी, तपासलं कोणी, मंजूर कोणी केलं. प्रत्येकाच्या सहीचा वेगळा खाना. माझी सही नेहमी गिरवणाऱ्याच्या खान्यात. तपासणाऱ्याचा खाना भाऊंचा, आमच्या ऑफिसात त्यात दुसऱ्या कोणाची सही कधी पडली नव्हती. दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. समोर तोच कागद, स्टेशन तिथंच.

"साहेबाशी बोलणं झालं," ते म्हणाले. "हा कागद असाच जाऊ दे, तारीख गाठाची आहे. पुढच्या कागदात स्टेशन हलवून राहिलो आपण. आणि आजपासून तपासायच्या खान्यात तू सही करत जा. एवढी बारीक नजर माझीही नाही. तुले पक्कं करताना साहेब हेच पाहातीन."

मी हुरळले. आता लिहिताना स्वतःचीच चीड येते, पण हुरळले. ट्रेसरला तपासायचा खाना. माझ्या हाताची तारीफ खूप झाली होती, डोक्याची ही पहिलीच. मी त्यांच्या पाया पडले हो, खरंच वाकून पाया पडले, आणि मग चांगली ठसठशीत सही केली. त्याच संध्याकाळी घरी पत्र टाकलं, आता तपासायचं काम माझ्याकडे आलं म्हणून.

दिवाळीला तीन आठवडे होते तेव्हा पहाडातून उत्तर आलं. त्यांचा इंजिनियर जागेवर जाऊन आला होता. तुमच्या स्टेशनवरून दवाखान्यात जायचं तर पेशंटला पाठीवर बांधून कडा चढावा लागेल, असं त्यानं लिहिलं होतं. साहेबांनी मोठ्या टेबलावर कागद पसरले आणि सगळ्यांना भोवती उभं केलं. त्यांचं बोट कड्यावर गेलं नाही. सरळ कोपऱ्यातल्या चौकटीवर गेलं.

"हे तपासलं कोणी?"

मी भाऊंकडे पाहिलं. वाटलं, आता ते बोलतील.

ते बोललेच. "हिनं तपासलं, साहेब. मी विश्वास ठेवला."

मी म्हणाले, "मी भाऊंना सांगितलं होतं. ते तुमच्याशी बोलले होते ना, साहेब?"

"माझ्याशी कोणी काही बोललं नाही," साहेब म्हणाले, आणि भाऊंकडे वळले. भाऊंनी हात जोडले. माझ्यासाठी जोडले. "लहान आहे, साहेब. माझ्या बहिणीसारखी आहे. झाली चूक, माफ करून टाका."

त्यांनी मला नुसतं खोटं पाडलं असतं तर मी भांडले असते. पण जो माणूस सगळ्यांसमोर तुमच्यासाठी गयावया करतो, त्याच्याशी भांडायचं कसं? मी तोंड उघडलं असतं तर मीच कृतघ्न ठरले असते. बाकीचे पाचजण माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहत होते. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. कापताना त्यांचे डोळेसुद्धा ओले होते.

शनिवारी मला कामावरून काढलं. पुढच्या कागदात स्टेशन हललं, असं नंतर ऐकलं. ते हलवलं भाऊंनीच, आणि साहेबांनी त्यांची पाठ थोपटली.

काटोलला उतरले तेव्हा फळबाजार भरला होता. बाबा घरीच होते. मी त्यांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. त्यांनी भाऊंना एक शिवी दिली नाही. सुपारी कातरता कातरता फक्त विचारलं, "तुले चूक दिसली होती म्हणतं. मग सही काहून केली?"

भाऊ म्हणाले म्हणून, हे उत्तर बसमध्ये तयार करून आणलं होतं. पण समोर बाबा होते.

"खुशी झाली होती, बाबा," मी म्हणाले. "माझ्याशिवाय कोणाले दिसलं नाही, असं त्यानं म्हटलं. त्या खुशीत केली."

बाबांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "तुझं पत्र आलं तं मी पोस्टमनले बसवून दोनदा वाचून घेतलं. पाहुण्यायले म्हटलं, येऊ नका आता, माझी पोरगी दुसऱ्यायच्या चुका पाहाते."