नलूमावशींची सही

कुणाकडे जेवायला गेल्या, की नलूमावशी आधी केचपची पुडी उचलायच्या आणि अंगठ्याच्या नखाने तिचा कोपरा उकलायला लागायच्या. "बघ, प्लास्टिक, मध्ये फॉइल, पुन्हा प्लास्टिक. संसार सगळा गोंदावर!" म्हणून स्वतःच हसायच्या.

ऐंशीच्या दशकात टेक्ससमधल्या एका कॉस्मेटिक्स कंपनीत मी क्रीम बनवायचो आणि मावशी पुड्या तपासायच्या. क्रीम चांगलं असलं की झालं, पुडीचं काय एवढं, असं मला वाटायचं. एकदा त्यांनी माझ्या आईने पाठवलेली लोणच्याची पिशवी माझ्यापुढे धरली. भोक कुठेच नव्हतं, तरी तेल आतून झिरपून छपाई पुसली गेली होती. "क्रीमची न् पुडीची पत्रिका काय जुळवता? तीन महिने एकत्र राहू द्या, मग कळतं!" साठीच्या बाईच्या तोंडून हे ऐकून मी गारच झालो.

त्या तीन महिन्यांत क्रीम भरलेल्या पुड्यांचे नमुने लॅबच्या ओव्हनमध्ये राहायचे. तयार मालातल्या दोन पुड्या मावशी स्वतःच्या गाडीतही ठेवायच्या. "मशीनला फसवशील, टेक्ससच्या उन्हाला नाही."

माझं पहिलंच क्रीम लवंगतेलाचं होतं. तेल यायला उशीर झाला, तेव्हा मी नमुन्यांत बिनवासाचं क्रीम भरलं आणि गप्प बसलो. ग्रीन कार्डचे कागद कंपनीच्या हातात होते. तारीख चुकवायची माझी छाती नव्हती. नमुने पास झाले, मावशींनी सही केली.

माल तयार झाला. ऑगस्टमध्ये एका दुपारी मावशींनी मला गाडीपाशी बोलावलं. आत लवंगेचा घमघमाट होता. त्यांनी नख लावलं आणि पुडीचे थर कांद्याच्या पापुद्र्यासारखे सुटे झाले. लवंगतेलाने मधला गोंद खाल्ला होता.

"नमुन्यांत काय भरलं होतंस?"

मी सांगितलं. त्यांनी ते सुटे थर माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "सोमवारी ट्रक निघतायत. उद्या मीटिंगमध्ये तूच सांग."

मी सांगितलं. बॉस लाल झाला. रिपोर्टवर सही कुणाची, म्हणून ओरडला. मावशी उठल्या. "माइन. आय डिडन्ट आस्क हिम."

बाहेर आल्यावर मला रडू आवरेना. "मावशी, चूक माझी होती."

"तुझी होतीच. पण मी पुडी तपासली, तुला नाही तपासलं. आपल्याकडचा मुलगा म्हणून सोडून दिलं."

माझी नोकरी टिकली. मावशींचा सहीचा अधिकार मात्र काढून घेतला, तो निवृत्तीपर्यंत त्यांना परत मिळाला नाही. याबद्दल त्या मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि तेच मला फार लागलं.

आता मावशी नाहीत. रिपोर्टवर सही माझी असते. समोर कोणीही असो, मी आधी विचारतो, "आत काय भरलंय?" आपल्याकडचा असला, तर दोनदा विचारतो.