बिघडवली मी, नाव सुनंदाताईंचं

बोनेट उघडण्याआधी सुनंदाताई मालकाला गप्प करायच्या. "तुम्ही थांबा. आधी गाडीला बोलू द्या." मग इंजिन सुरू करून कान देऊन उभ्या राहायच्या; मध्येच कुणी तोंड उघडलं की पाना उगारायच्या. नवरा गेल्यावर म्हसळ्याच्या नाक्यावरचं गॅरेज त्यांनी चालवायला घेतलं, तेव्हा एक टेम्पोवाला म्हणाला होता, "बाईच्या हातची गाडी घाटात बंद पडंल." ताई म्हणाल्या, "पडली तर ढकलायला बायकोला बोलव. तुझ्यानं चढाला तुझं पोट पन ढकलवत न्हाय."

त्यांनी सर्व्हिसिंग केलं आणि माझी गाडी बिघडली, असं नाक्यावर आजही सांगतात. हे खोटं आहे. गाडी मी बिघडवली.

आमच्याकडे पावसाळ्याआधी गाडीला खालून जुनं ऑइल आणि डिझेल मारून घेतात. खाऱ्या हवेत त्याशिवाय पत्रा टिकत नाही. सर्व्हिसिंग करून गाडी देताना ताईंनी मला बजावलं होतं, "खालून मारा काका, पन इंजिनात नको. रबर सुजतं." मी मात्र वॉशिंगवाल्याला म्हणालो, "आतही मार. गंज काय विचारून येतो?"

पुढे श्रीवर्धनला जाताना घाटात डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि गाडीतला जीवच गेला. पेडल तळाला टेकवलं तरी ती बैलगाडीसारखी चढत होती. याला लिंप मोड म्हणतात. आत काही चुकतंय असं वाटलं की इंजिन स्वतःला जपायला आपली ताकद कमी करतं. बंद करून सुरू केली की बरी चालायची, पुढच्या चढाला पुन्हा तेच. दुसऱ्या एका मेकॅनिकने स्कॅनर लावून दिवा घालवला. घाटात तो परत लागला. तोवर नाक्यावर ठरलं होतं की बाईनं हात लावला आणि गाडी गेली. ताईंचं पोट भाड्याच्या गाड्यांवर होतं. त्या गाड्यांचे ड्रायव्हर आता दुरुस्तीला माणगावला जाऊ लागले.

ताईंनी निरोप धाडला, "गाडी आणा. भर बाजाराच्या वेळी."

गर्दी जमली. स्कॅनरने सांगितलं, इंजिनात हवेचा दाब कमी पडतोय. कुणीतरी ओरडलं, "दिवा घालवा नि द्या ना!" ताई फिरल्या. "तुझ्या घरात धूर झाला तर डोळं मिटून बसतोस व्हय रं?"

त्यांनी हवेची वाट एका टोकाला बंद केली, दुसऱ्या टोकाने थोडी हवा सोडली आणि एकेका पाइपावर साबणाचं पाणी ओतत गेल्या. इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या टर्बोच्या रबरी पाइपाखाली, क्लॅम्पपाशी, फेस उसळला. त्यांनी पाइप काढला. चहात बुडवलेल्या पावासारखा तो मऊ झाला होता, आणि बोटाला काळं तेल लागलं. त्यांनी ते बोट सगळ्यांसमोर वर धरलं.

"आत तेल कुनी मारलं?"

मी तिथेच उभा होतो. मी म्हणालो, "कुणास ठाऊक."

गर्दीतला एकजण हसला. "मग तुमच्याच हातनं सांडलं असंल ताई!" ताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. नवा पाइप बसवला आणि मला शेजारी बसवून गाडी घाटात नेली. गाडी एका दमात वर गेली. दिवा लागला नाही. मी तेव्हाही बोललो नाही.

गाडी सुधारली, पण ताईंचं नाव गेलं ते गेलंच. त्यांनी स्कूटर दुरुस्त करून दिवस काढले. ड्रायव्हर हटकून टोमणा मारायचे, "काय ताई, आज तेल कुठं सांडलंत?" त्या म्हणायच्या, "तुझ्या डोक्यावर घालायला ठेवलंय, ये."

परवा त्या कायमच्या पनवेलला लेकीकडे निघाल्या. मी गेलो आणि सगळं बोलून टाकलं. त्या पिशवीची गाठ मारत होत्या.

"मला काय सांगताय? मला त्याच दिवशी म्हाइत व्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोलले असते तर लोक म्हनले असते, काकांवर ढकलतेय. ते तुमीच बोलायचं व्हतं. आता नाक्यावर जाऊन सांगा."

त्यांची एसटी सुटली आणि मी नाक्यावर गेलो. ड्रायव्हर चहा पीत होते. मी मोठ्याने सांगितलं. एकजण म्हणाला, "जाऊ द्या काका, झालं गेलं." दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो, पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तोच वैतागला. "कितीदा तेच ते ऐकायचं हो?"

मी त्याच्यासमोरच बाकावर बसलो. म्हणालो, "ताईंनी ऐकलं तितक्यांदा."