केसरीनाथची जीभ

नारपोलीत कुणाकडे हळद असली की दारूचा पहिला घोट केसरीनाथचा. हा रिवाज कुणी लिहून ठेवला नव्हता, पण मोडलाही नव्हता. त्याने चाखायची, जीभ टाळ्याला लावायची आणि "वाटा" म्हणायचं, मगच पेले भरायचे. पाणी घातलेला माल आणणाऱ्याला त्याने भर मांडवात उघडं पाडलं होतं. पण असले मान फुकट मिळत नाहीत. दुसऱ्यांसाठी घोट घेता घेता हा माणूस स्वतः कधी बुडाला, ते गावाला कळलंही नाही.

२००१ साली भरदिवसा पिऊन तो स्कूटरवरून पडला आणि मागे बसलेल्या तेरा वर्षांच्या क्षितिजाचा हात मोडला. प्लास्टर सुकायच्या आत त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, पुन्हा थेंब घेणार नाही. पोटच्या पोरीची शपथ मोडली तर भोग पोरीला लागतात, हे त्याच्यासारख्याला सांगावं लागत नव्हतं. सात वर्षं तो हळदीला गेला, मटण खाल्लं आणि हात धुऊन घरी आला.

आता तिचंच लग्न जमत होतं. कशेळीच्या रामनाथचा मुलगा प्रितेश तिला आवडला होता. त्याचा फोटो तिने पुस्तकात जपलेला केसरीनाथने पाहिला होता. रामनाथने जहाजावर वीस वर्षं काढलेली. रविवारी बोलणीला यायच्या आधी त्याने मध्यस्थ लडकूकडून निरोप धाडला.

"रामनाथशेठना आयरिश व्हिस्की लागते," लडकू म्हणाला. "आन बाटली तुमीच निवडायची. तुमच्या जिभेचं नाव त्यांच्या कानावर हाय."

सोडली म्हणावं, तर सोयरीक तोंडावर आलेली. केसरीनाथ गप्प राहिला, हीच त्याची चूक.

रविवारी सकाळी वाईन शॉपच्या शेठने दोन बाटल्या काढल्या, एक हिरवी, एक काळ्या लेबलची.

"दोनों आयरलैंड की. भट्टी से तीन बार खिंचती है, गला नहीं पकड़ती," शेठ म्हणाला. त्याने हिरवीचं बूच काढून पुढे केलं. "चखो ना काका, पुराने उस्ताद हो!"

केसरीनाथच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याला स्वतःची शिसारी आली. त्याने बूच नुसतं नाकाशी धरलं. मध, भाजलेलं धान्य, ओलं लाकूड. नाकाला झोंबत नव्हतं. मग शेठने उघडून दिलेली काळ्या लेबलचीही हुंगली, तिचा वास अंगावर आला. "हिरवीच द्या, बंद असलेली," तो म्हणाला आणि दुकानाबाहेर येऊन उन्हात बराच वेळ नुसता उभा राहिला.

दुपारी पाहुणे आले. चहा-पोहे झाले, तारखेची गोष्ट निघाली. मग रामनाथने बाटली हातात घेतली, लेबल वाचलं आणि खूश होऊन मान हलवली.

"निवड बरोबर हाय तुमची!" त्याने पेले भरले आणि एक केसरीनाथपुढे सरकवला. "पयला घोट तुमचा, व्याही. तुमी वाटा बोललात की मंग आमी."

स्वयंपाकघराच्या दारात त्याच्या बायकोने, पुतळाबाईने पदर तोंडाशी धरला. तिच्यामागे क्षितिजा उभी होती. प्यावं तर शपथ लेकीच्या डोक्यावरची, न प्यावं तर लग्न तिचंच.

"मी सोडली हाय," तो शेवटी म्हणाला. "पोरीच्या डोक्यावर हात ठेवून."

"एका घोटानं काय व्हतं?" रामनाथचा चेहरा उतरला. "आमच्यासंगं घोट घेत न्हाय, मंग सोयरीक कसली?"

"पप्पा, राहू दे ना," प्रितेश घाईने म्हणाला. बापाचं बोलणं सावरायला बोलला असं सगळ्यांना वाटलं. पण बोलता बोलता त्याने केसरीनाथपुढचा पेला उचलला होता. दुपारी दोन वाजता त्याची बोटं थरथरत होती, पेला दातांवर वाजला. एका दमात त्याने तो रिकामा केला आणि खाली ठेवला, तेव्हा हात अगदी स्थिर झाला होता.

बाकीच्यांना त्यात काही दिसलं नाही. केसरीनाथने मात्र ते ओळखलं. असा थरथरणारा हात आणि असा थांबणारा हात त्याने अनेक वर्षं स्वतःच्या मनगटाला लावून वागवला होता.

त्याने बाटलीचं झाकण लावलं.

"रामनाथशेठ, पोर देणार न्हाय."

"घोटावरून?"

"माज्या घोटावरून न्हाय. तुमच्या पोराच्या." त्याचा आवाज फाटला. "त्याला आधी डॉक्टरकडं न्या. मी बी असाच व्हतो."

प्रितेशने मान खाली घातली. रामनाथ चिडून काही बोलणार होता, पण मुलाकडे बघून त्याने आपला पेला बाजूला सारला. पाहुणे न जेवता उठले.

क्षितिजा आत जाऊन रडत बसली. पुतळाबाईने दार वाजवलं, तिने उघडलं नाही. केसरीनाथ दाराबाहेर जमिनीवर बसला. संध्याकाळी कडी निघाली. क्षितिजा सुजलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत राहिली.

"त्याच्या हातावरून तुमाला नक्की कळलं होतं ना, बाबा?" तिने विचारलं.

"नक्की," तो म्हणाला.

ती पुन्हा रडू लागली, पण या वेळी त्याच्या शेजारी बसून.